मिरजेच्या तानपुऱ्याला कुपवाडचा टर्नर

तानपुरा लावताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो हे गाणाऱ्याला विचारा, तो मण्यांकडे बोट दाखवेल. खुंटीने सूर जवळपास आणायचा आणि मग घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तिच्या) खाली तारेत ओवलेला तो छोटा मणी सरकवून नेमका सूर गाठायचा, एवढंच काम. मणी लंगोटाकडे, म्हणजे तळाशी तारा बांधतात तिकडे, सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. पण मणी सरकतो कुठे, तो उडी मारतो. जरा ढकलला तर हलतच नाही, अजून जरा जोर लावला की एकदम पुढे जातो आणि मग परत मागे आणा, परत पुढे न्या. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात, मार्च एप्रिलला लाकूड वाळलं की सुटतात, म्हणजे सगळा भार मण्यावर. माझ्याकडे विश्रामबागला संध्याकाळी मुली शिकायला येतात, त्यातल्या लहान मुलींना तर हे जमतच नाही, मग त्या मोबाईलमधला तानपुरा लावतात. मला ते मनापासून खटकतं. तानपुरे बनवणारं मिरज सहा-सात किलोमीटरवर आणि सांगलीची पोरं मोबाईलच्या तानपुऱ्यावर सा लावतायत.

म्हणून मण्याच्या जागी बारीक स्क्रूवर चालणारं काहीतरी करायचं हे बरीच वर्षं डोक्यात होतं. व्हायोलिनला असे फाइन ट्यूनर असतात, आत गिअर असलेल्या खुंट्यासुद्धा मिळतात. पण तानपुऱ्याची खुंटी मला बदलायची नव्हती, दांडीला हात लावायचा नव्हता, तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला) भोक पाडायचं तर नावच नको. घोडी आणि लंगोट यांच्यामध्ये जी वीतभर मोकळी तार असते फक्त तिथे बसेल, नको वाटलं तर दोन मिनिटांत काढता येईल आणि मणी परत ओवता येईल असं काहीतरी. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने माझ्या वेड्यावाकड्या चित्रावरून कॉम्प्युटरवर व्यवस्थित ड्रॉइंग काढलं. छोटी चौकट, तिच्यात सरकणारा ठोकळा, ठोकळ्याला तार, आणि ठोकळा ओढणारा 3 मिलीचा स्क्रू.

ड्रॉइंग तर झालं, आता करून कोण देणार? मला वाटलं होतं हा सगळ्यात सोपा भाग. आपल्याकडे मिरज एमआयडीसी, कुपवाड एमआयडीसी, तिकडे 1910 पासूनची किर्लोस्करवाडी, पलीकडे कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्र्या. लोखंड-पितळ कापणारी माणसं काय कमी आहेत का इथे!

तर कमी नाहीत, पण त्यांची कामाची पद्धत वेगळी आहे आणि हे आधी समजून घ्यायला हवं. मोठ्या शेडमध्ये व्हीएमसी, सीएनसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं चालू असतात, तिथे पहिला प्रश्न असतो "क्वांटिटी किती?" मी म्हटलं चार. "चारशे?" नाही ओ, चार. यात त्यांचं काही चुकत नाही. प्रोग्राम लिहायचा, टूल लावायचं, जॉब धरायला फिक्स्चर करायचं, पहिला पीस मोजून बघायचा, हा सगळा खर्च चार पीसला पण तेवढाच आणि चारशेला पण तेवढाच. मशीन रिकामं ठेवून माझं काम करणं त्यांना परवडत नाही. एका ठिकाणी तयार झाले, पैसे सांगितले, वेळेत पीस दिलेसुद्धा, आणि व्हर्नियर लावला तर प्रत्येक माप ड्रॉइंगप्रमाणे. पण आट्यांच्या तोंडाला बर, म्हणजे कापताना राहिलेली धार, तसाच, ठोकळा चौकटीत कुरकुरत जायचा, आणि तार ताणली की सूर मण्यासारखाच धक्क्याने सरकायचा. ड्रॉइंगमध्ये "कुरकुरू नये" असं कुठे लिहिलेलं नसतं ना.

थ्रीडी प्रिंट पण करून बघितलं. माप आणि आकार हातात धरून बघायला ते फार छान, चार तुकडे शेजारी शेजारी मावतात का हे त्यातूनच कळलं (नाही मावत, पुढे-मागे बसवावे लागतात). पण प्लॅस्टिक ताणाखाली हळूहळू ढिलं पडतं. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेल्या जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी, एका तारेवर पाच-सहा किलोचा ताण असतो, तो रात्रभर राहिला की सकाळी सूर उतरलेला. सुराचं काम धातूचंच.

मग मी प्रश्न बदलला. कोण करून देईल असं विचारायचं बंद केलं आणि टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे लोक, ज्या दुकानातून टूल बिट, टॅप, डाय घेतात तिथे जाऊन विचारलं, की तुमच्या गिऱ्हाइकांचं स्वतःचं मशीन मोडलं, जुना पार्ट कुठे मिळत नाही, तेव्हा ते कुणाकडे जातात? काउंटरवरचे दोघं एकमेकांकडे बघून एकच नाव बोलले. तुम्ही कुणी असं काही बनवून घ्यायला निघाला असाल तर हाच प्रश्न विचारा, हे मी अगदी कळकळीने सांगते. प्रॉडक्शनवाला माणूस एकच गोष्ट हजार वेळा उत्तम करतो, रिपेरीवाला रोज आयुष्यात पहिल्यांदा बघितलेली वस्तू करत असतो. नमुना करायला दुसरा लागतो.

ते नाव म्हणजे कुपवाड रोडच्या आतल्या बाजूचं एक पत्र्याचं शेड. साइनबोर्ड नाही. बाहेर द्राक्षबागेच्या ब्लोअरचे शाफ्ट, हळद पॉलिश करायच्या ड्रमचं बेअरिंग हाउसिंग, कुठल्यातरी पॉवरलूमचे तुटके दात. आत एक जुनं लेथ, एक मिलिंग, ड्रिल, आणि साठीच्या पुढचे एक गृहस्थ ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, मी पण अण्णाच म्हणते. मी ड्रॉइंगचा कागद पुढे केला. त्यांनी बघितला, घडी केली, बाजूला ठेवला.

"ताई, हे कशाला लागतंय तेवढं सांगा."

मी सांगायला लागले, तंबोरा, जोडीच्या तारा, खर्जाची जाड तार, मणी. त्यांनी हात पुसले. "असं सांगून न्हाय कळायचं. ते वाद्यच घेऊन या की."

दुसऱ्या दिवशी मी तानपुरा रिक्षात घालून त्या शेडमध्ये नेला. लेथ बंद केलं, पोत्यावर स्वच्छ पेपर अंथरला, त्यावर मी बसले आणि लावून दाखवला. अण्णांना गाण्यातलं काही कळत नाही असं ते स्वतः सांगतात, पण जोडीच्या दोन तारांत जरा फरक राहिला की सूर हेलकावे खातो आणि दोन्ही मिळाल्या की ते हेलकावे थांबतात, हे मी एकदा दाखवलं आणि त्यांना ते लगेच ऐकू आलं. मला म्हणाले, "मशीनचं बेअरिंग गेलं की असंच आवाजावर कळतंय." मग स्वतः मणी सरकवून बघितला. परत बघितला. मग विचारलं, एवढ्या सुराला तार किती सरकते?

हा प्रश्न तोपर्यंत मला कुणी विचारलाच नव्हता. भाच्याला तिथूनच फोन लावला, त्याने आकडेमोड केली. काळी चारच्या तानपुऱ्यात पोलादी तारेचं टोक अर्धा मिलीमीटर ओढलं तरी सूर जवळजवळ शेजारच्या पांढरी सहाला जातो. अर्ध्या मिलीमीटरला जवळपास अर्धा स्वर! आणि आमच्या ड्रॉइंगमधला 3 मिलीचा स्क्रू एका फेरीत नेमका अर्धा मिलीमीटर पुढे जातो. म्हणजे नेमका सूर गाठायचा तर स्क्रू केसभरच फिरवायचा, ते बोटांना कसं जमणार.

अण्णांनी ड्रॉवरमधून मायक्रोमीटर काढला, तो दाखवत म्हणाले याच्या आत पण अर्ध्या मिलीचेच आटे आहेत, पण त्याच्या बाहेरच्या नळीवर पन्नास रेघा आहेत आणि तुम्हाला तेवढी मोठी गुंडी तंबोऱ्यावर चालायची नाही. मग खडूने पत्र्यावर काढून दाखवलं ते असं. एकच दांडा, त्याचा अर्धा भाग जाड, अर्धा बारीक. जाड भागावर 5 मिलीचे आटे, एका फेरीला 0.8 मिली. बारीक भागावर 4 मिलीचे आटे, फेरीला 0.7. जाड भाग चौकटीत फिरतो, बारीक भाग सरकणाऱ्या ठोकळ्यात. दांडा एक फेरी फिरवला की तो स्वतः 0.8 पुढे जातो, पण त्याच फेरीत ठोकळ्याला 0.7 मागे टाकतो. हिशोबाला राहिला 0.1 मिली. पूर्ण एक फेरी आणि तार हलली फक्त मिलीमीटरचा दहावा भाग! याला डिफरन्शियल स्क्रू म्हणतात आणि ही युक्ती फार जुनी आहे, इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतात सुद्धा. भाचा फोनवर ओरडला, अरे हो की. पण पुस्तकात असणं आणि ऐन वेळी हाताशी येणं यात फरक आहे, आणि ज्याने बिघडलेली मशीनं उघडून उघडून बघितली आहेत त्याच्याच हाताशी ते येतं.

पुढे एकेक गोष्ट त्यांच्याकडून येत गेली. ड्रॉइंगमध्ये सगळं स्टेनलेस होतं, ते म्हणाले स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की चिकटतं, जाम झालं की तोडूनच काढावं लागतं, दांडा स्टेनलेसचा ठेवू आणि चौकट-ठोकळा पितळेचा करू. मी बॅकलॅशची काळजी करत होते, म्हणजे आट्यांत थोडा ढिलेपणा राहणारच आणि मग स्क्रू उलटा फिरवला की मधे काहीच होणार नाही. तर म्हणाले, "तार सारखी एकाच बाजूला ओढतीय न्हवं? मग ढिलेपणा राहतोयच कुठं." खरंच, पाच-सहा किलोचा ताण सगळे आटे कायम एका अंगाला दाबून धरतो.

दांडा करताना मी समोर उभी होते. चार जबड्यांच्या चकात रॉड धरला, डायल लावून काटा हलायचा थांबेपर्यंत जबडे एकेक करून सारखे केले, यातच कितीतरी वेळ गेला. कारण दोन्ही आटे एका सेंटरला नसले तर ठोकळा चौकटीत तिरका ओढला जाणार आणि परत तीच कुरकुर. 4 मिलीचा भाग 5 मिलीच्या आट्यांच्या भोकातून जेमतेम आत जातो, कुठे धार राहिली तर अडकलाच. दोन आट्यांच्या मधे बारीक गळा काढला. मग गिअर बदलून, चक अगदी हळू फिरवत, टूल एका वेळी इतकं थोडं आत घेत होते की निघणारी कीस बोटावर घेतली तरी जाणवत नव्हती. शेवटच्या फेऱ्यांना मशीन बंद करून हातानेच चक फिरवलं. नंतर ठोकळा दांड्यावर चढवून, बारीक पेस्ट लावून, पुढे-मागे, पुढे-मागे, डोळे मिटून. कशाची वाट बघताय विचारलं तर म्हणाले, हाताला आटा लागायचा थांबला पाहिजे.

इथे मला देवलांची आठवण येते. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आपल्या सांगलीचे. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी त्यांनी श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक बारीक सुरांची, मापं घेतली, अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना त्या गाऊन दाखवल्या, आणि न्यायखात्यातल्या क्लेमेंट्स साहेबांना बरोबर घेऊन त्यांनी 22 श्रुतींचं हार्मोनियम करवलं. ते बनलं कुठे, तर लंडनला, मूर नावाच्या वाद्य बनवणाऱ्याकडे. पुढे 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ते मांडलं गेलं तेव्हा मोठ्या गवयांना त्यातल्या श्रुती पटल्या नाहीत. त्यातला शास्त्राचा वाद माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. पण मला सारखं वाटतं की बनवणारा समुद्रापलीकडे, गाणारा इथे, आणि दोघं एका खोलीत बसून "हे जरा वर घ्या, हे जरा उतरवा" असं करूच शकत नाहीत, यातच केवढं नुकसान आहे. माझं बनवणारं शेड आणि माझी सतारमेकर गल्ली एका रिक्षाच्या अंतरात आहे.

म्हणून पहिला पीस हातात आल्या आल्या मी अण्णांना मिरजेला घेऊन गेले, तानपुरे बनवणाऱ्या चाचांकडे. माझा तानपुरा चाचांच्या वडिलांच्या हातचा. मला धाकधूक होती, कारण पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या वाद्यात एक पितळेचा तुकडा घेऊन जाणं सोपं नसतं, आणि आता तर 2024 पासून मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, नाव अजून जपायला लागतं. चाचांनी तुकडा हातात घेतला, वजन बघितलं, गुंडी फिरवली, काही बोलले नाहीत. तारेत बसवला, लावला, आणि खाली वाकून कान तबलीजवळ नेला.

"सूर झकास लागतोय. पण हा आतून बोलतोय."

मला काही ऐकू येत नव्हतं, अण्णांनाही नाही. चाचांनी बोटाने चौकट दाबून धरली आणि तार छेडली, सोडली आणि छेडली, तेव्हा कळलं. जवारीच्या झणकारात एक बारीक धातूची खरखर मिसळत होती, ठोकळा चौकटीच्या भिंतीवर थरथरत होता. अण्णा म्हणाले फिट अजून टाइट करतो. चाचा म्हणाले नको, टाइट केलं तर अडकेल, आणि डब्यातून पातळ चामड्याची पट्टी काढून कात्रीने नखाएवढी कापली. अण्णांनी लगेच हिशोब केला, चामड्याला जागा द्यायची तर ठोकळा किती घासायला लागेल. मग ते दोघं असे काही बोलत बसले की मी तिथे आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. कानस कुठली, चामडं कुठलं, हाडाची घोडी घासताना किती थांबायचं, पितळ घासताना किती. चहा गार झाला.

मिरजेत हे वाद्यांचं काम सुरू केलं ते फरीदसाहेबांनी, साधारण 1850 च्या सुमाराला, आणि ते शिकलगार. तलवारी, हत्यारं यांना धार लावणारी माणसं. हत्यारांचं काम गेलं तेव्हा तेच हात भोपळ्याकडे आणि तुनाच्या लाकडाकडे वळले. चाचा हे अण्णांना सांगत होते, आमचे पूर्वज तुमच्याच धंद्यातले, म्हणून. अण्णा हसले नाहीत, गंभीरपणे मान हलवून म्हणाले, ते तुमच्या कानसीच्या हातावरून दिसतंयच.

पैशाचं पण लिहिते, कारण कुणी लिहीत नाही. अण्णा पीसचे पैसे सांगत होते आणि ते इतके कमी होते की मला ते देववेनात. पीस करायला लागला तेवढा वेळ ते धरत होते, पण पत्र्यावर खडूने काढलेलं चित्र, मिरजेला आलेला अर्धा दिवस, परत घासलेले ठोकळे, हे धरतच नव्हते. आम्ही दिवसाचा हिशोब ठरवला, विचार करायला लागलेला दिवस पण दिवसच. चाचांचंही तसंच. नमुना करून घेणाऱ्याने हे आधीच बोलून घ्यावं, समोरचा माणूस भिडेपोटी बोलत नाही.

पेटंट घे म्हणून भाचा मागे लागलाय. अर्ज करायच्या आधी असं सगळं उघड लिहिलं की नवेपणा जातो हे मला त्याने समजावलंय आणि म्हणूनच मी मुद्दाम सगळे आकडे वर लिहिलेत. हे मिरजेतल्या कुणालाही करता यावं, कुठल्याही टर्नरकडून करून घेता यावं, एवढंच मला पाहिजे. शाळेतल्या मुलीला पाच मिनिटांत तानपुरा लावता आला तर ती मोबाईल बाजूला ठेवेल याची मला खात्री आहे, कारण माझ्या क्लासमधल्या दोघींनी ठेवलाय.

सध्या पंचम आणि जोडीच्या दोन्ही तारांना हे बसवलंय आणि छान चाललंय. खर्ज राहिलाय. तो पितळी, जाड आणि खाली लावलेला, त्यामुळे तेवढीच तार ओढली तरी सुरात पोलादी तारेच्या जवळपास दुप्पट फरक पडतो, म्हणजे 0.1 मिलीची फेरीसुद्धा त्याला जास्त होते. अण्णांचं म्हणणं बारीक भागाला 4.5 मिलीवर 0.75 चे आटे घेऊ, मग 0.8 मधून 0.75 गेले, फेरीला 0.05 उरले. पण 4.5 चा भाग 5 च्या आट्यांतून आत जाणार नाही, म्हणून जाड भाग 6 मिलीचा करायचा आणि आटे मात्र 0.8 चेच ठेवायचे. खर्जाची तार कडेला असल्यामुळे तेवढ्या रुंदीला जागा आहे, चाचांनी मोजून सांगितलंय. 0.75 चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) सांगलीच्या दुकानात मिळाला नाही, अण्णा म्हणतात मीच बनवतो, त्यात काय. ऑक्टोबर छाटणी झालीय, सगळ्या बागायतदारांचे ब्लोअर त्यांच्या दारात लागलेत, ती कामं जरा उरकली की.